पान उलटून बघ

पोरी, यंदाच्या गोडी छाटणीपासून द्राक्षबाग तुझ्या हाती. औषधांची यादी दुकानदार देईलच, ती नंतर. आधी रोज सकाळी बागेत फिरून पान उलटून बघायची सवय लाव.

डाऊनी आणि भुरी दोघींना आपण बुरशीच म्हणतो, पण स्वभाव निराळे. डाऊनीला ओलं पान लागतं. दवाने, धुक्याने पान तासन्‌तास ओलं राहिलं की तिचे बीजाणू त्या पाण्यात पोहत पानाच्या खालच्या छिद्रांतून आत शिरतात. वरून नुसता पिवळट, तेलकट डाग दिसतो. पांढरी लव येते ती खाली. म्हणून फवारा खालूनही बसला पाहिजे. भुरीला ओल्या पानाची गरज नाही. ढगाळ, कोंदट हवा आणि दाट पसारा एवढ्यावर तिचं भागतं.

डाग कशाचा ते कळत नसेल तर संध्याकाळी ते पान तोड, पाण्याचा शिंतोडा मार आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर घरात ठेव. सकाळी डागाखाली पांढरी लव उगवलेली दिसली की डाऊनीच. ही खूण बघितल्याशिवाय महागड्या औषधाला हात घालू नकोस.

पोंग्यापासून मणी धरेपर्यंत फार जपायचं. दोड्यावर डाऊनी गेली की घड कुजतो, गळतो, आणि गेलेला घड कोणतंही औषध परत आणत नाही. पाऊस यायच्या आधी मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त औषध पानावर असलं पाहिजे. मेटॅलॅक्झिलसारखी आंतरप्रवाही औषधं मोजकीच वापर. तेच ते मारलं की बुरशी सरावते. दर वेळी नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही, आतला घटक बघ.

औषधाइतकंच काम हाताचं आहे. छाटणीची पानं बागेत कुजू देऊ नकोस, रोग त्यांतच दडून राहतो. विरळणी वेळेवर कर. दुपारी वेलीखाली उभी राहा: जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले तर पसारा बरोबर.

आता बोर्डो. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली डाऊनीतून वाचल्या हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या नजरेत भरलं, आणि 1885 साली त्याने हे मिश्रण जगापुढे मांडलं. आपल्यासाठी प्रमाण 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो ताजा कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रमांत 50-50 लिटर पाण्यात विरघळव, चुना गाळून घे, मग एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत ढवळत राहा. लोखंडी भांडं नको. झाल्यावर स्वच्छ घासलेला विळा थोडा वेळ बुडव. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, निवळी आणखी घाल. तसंच मारलंस तर पानं करपतील. हे 1 टक्क्याचं मिश्रण छाटलेल्या उघड्या वेलीवर चालतं, कोवळ्या फुटीवर नाही. केलं त्याच दिवशी संपव, दुसरं काही त्यात मिसळू नकोस. आणि दर आठवड्याला बोर्डोच मारायचं, असंही करू नकोस. तांबं मातीत साठतं.

भुरीला गंधक चांगलं, पण 35 अंशांच्या वर ऊन असेल तर नको, चट्टे पडतात. ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतातून मुळांशी दे, तांब्याच्या औषधाबरोबर कधीच नाही. आंबट ताकाने नुकती लागलेली भुरी थोडी दबते. डाऊनीवर त्याचा भरवसा धरू नकोस.

मण्यात पाणी उतरलं की रसायनांचा हात आखडता घे आणि भुरीसाठी बॅसिलस सबटिलिससारख्या जैविक औषधाकडे वळ. डब्यावर काढणीपूर्वीचे किती दिवस लिहिलेत ते वाचून तारखेसकट वहीत उतरव. आपलीच लेकरं वेलीवरून घड तोडून खातात. फवारताना हातमोजे, मास्क तू घालच, ब्लोअर चालवणाऱ्या गड्यालाही घालायला लाव.