जुन्या गाडीची चासी बदलायची की वाचवायची? कटर लावण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनचा धंदा बघितला. आज त्यातला एकच निर्णय घेऊया, कारण या एका निर्णयात नवीन गॅरेजवाला बुडू शकतो. गाडीची मूळ चेसिस, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत चासी, गंजलेली आहे. ती दुरुस्त करायची, की दुसऱ्या गाडीची चासी आणून वर जुनी बॉडी बसवायची?

आधी एक खरा अनुभव सांगतो. आमच्या एका बॅचमधल्या मुलाला पहिलंच मोठं काम मिळालं, साठच्या दशकातली सीजे ३बी जीप. गिऱ्हाईक म्हणालं, "चालती करून दे, पॉवर स्टिअरिंग पाहिजे, ब्रेक चांगले पाहिजेत." पोराने भंगारातून एमएम ५४०ची चासी आणली, कापली, जोडली, बॉडी बसवली. काम सुंदर झालं. जुनी चासी किलोच्या भावाने विकून टाकली. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाला व्हिंटेज नंबर घ्यायची हौस आली. तपासणीत आरसी बुकावर एक चासी नंबर आणि गाडीखाली दुसराच! परत मूळ चासी बसवावी म्हटलं, तर ती केव्हाच वितळून गेलेली. पैसे परत द्यावे लागले, तेही हप्त्याहप्त्याने. पोराच्या वेल्डिंगमध्ये काही खोट नव्हती. चूक झाली ती पहिल्या दिवशी, प्रश्न न विचारण्यात.

आता नियम समजून घ्या. २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते.

बरं, व्हिंटेज नंबर नकोच असला तरी सुटका नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ बघा. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. आणि कोणी म्हणालं, "जुना नंबर नवीन चासीवर ठोकून दे," तर त्या गिऱ्हाइकाला तिथूनच नमस्कार करा. तो गुन्हा आहे, आणि सापडणार तुम्ही.

आणखी एक गंमत. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी या गाड्यांना वेगळी चासीच नाही. बॉडी हाच सांगाडा. तिथे पत्रा कापून नवा जोडणं हेच काम. चासी बदलायचा प्रश्न जीप, जुन्या ट्रक आणि बहुतेक युद्धपूर्व मोटारींचा.

मग मूळ चासी वाचेल का, हे कसं ठरवायचं? बॉडी उतरवा, चासी सपाट जमिनीवर समतल ठेवा. ओळंबा सोडून ठरलेल्या बिंदूंच्या खुणा जमिनीवर करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक मोठा निघाला तर चासी वाकली आहे, पण वाकलेली चासी सरळ होते, तेवढ्यावरून टाकून देऊ नका. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, बद्द आवाज आला तर तिथे टोच्या घालून बघा. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि मागचा आडवा बार इथे खास लक्ष द्या. चिखल आणि पाणी तिथेच साचतं. तडा असेल तर त्यावर नुसती वेल्डिंगची रेघ मारून सोडू नका. आधी तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवा, मग भरा, मग तेवढ्याच जाडीची, शंकरपाळ्याच्या आकाराची प्लेट लावा. सरळ उभ्या कडेची प्लेट लावली की पुढचा तडा त्या कडेलाच जातो.

पैशांचं गणित मुलं इथेच चुकतात. समजा तुमचा मजुरीचा दर तासाला ३०० रुपये आहे. मूळ चासी वाचवायला ६० तास, म्हणजे १८,०००. सँडब्लास्टिंग, रंग, लोखंड मिळून १७,०००. ॲक्सल, ब्रेक, स्टिअरिंगची दुरुस्ती ४५,०००. एकूण ८०,०००. दुसरी चासी त्या सगळ्या सामानासकट ४०,०००ला मिळाली, की वाटतं निम्म्यात काम झालं. पण सीजे ३बीचा व्हीलबेस ८० इंच, एमएम ५४०चा ९१. अकरा इंच जाणार कुठे? चासी कापा, प्रॉपेलर शाफ्ट लहान करा, बॉडीचे माउंट नवीन बनवा, पेडल, रेडिएटर, वायरिंग, सगळं जुळवा. १२० तास धरले तर मजुरी ३६,०००, किरकोळ सामान १५,०००. बेरीज ९१,०००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. पण जुळवणीचे तास लिहिल्याशिवाय कोटेशन देऊ नका.

माझं मत विचाराल तर, मूळ चासीचा नंबर शाबूत असेल तर ती वाचवा. बदल तेव्हाच, जेव्हा गाडी खाजगी शेतात किंवा हॉटेलच्या दारात शोभेलाच उभी राहणार आहे आणि मालकाने तसं लिहून दिलं आहे.

दुरुस्तीत काही भाग बदलावेच लागतात, त्याची भीती बाळगू नका, नोंद ठेवा. १९२९ आणि १९३०ची ल मां शर्यत जिंकलेली बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' गाडी विकताना खरेदीदार म्हणाला, ही मूळ गाडीच नाही. तिचे बहुतेक भाग बदललेले होते. १९९०मध्ये लंडनच्या न्यायालयाने मात्र गाडीचा इतिहास अखंड असल्याचं मान्य केलं आणि खरेदीदाराला व्यवहार पाळावा लागला. सौदा कोटभर पौंडांच्या घरातला होता. त्या गाडीमागे सलग इतिहास होता म्हणून ती टिकली. आपल्या जीपला असा इतिहास आयता मिळत नाही, तो फोटो आणि बिलांनी आपणच तयार करायचा.

म्हणून जॉब कार्डावर पहिल्याच दिवशी लिहा: गाडी कशासाठी हवी, आरसीवरचा चासी नंबर, चासीवर दिसणारा नंबर आणि त्याचा जवळून फोटो, खाली मालकाची सही. काम टप्प्याटप्प्याने आणि ॲडव्हान्स घेऊनच करा. पहिला टप्पा फक्त बॉडी उतरवून तपासणी, त्याचे पैसे वेगळे. चासीचा निर्णय त्यानंतर. आणि जुना तुकडा कापावा लागलाच तर तो पोत्यात भरून मालकाच्या गाडीत ठेवा, पोच घ्या.