बादली मागायला लाजू नकोस

अगं, पहिल्या बोनसमधून पणजीला निघालीस, दोन रात्री, तेही फोन्तेन्हासमधल्या बुटीक हॉटेलात! मस्त. तू पाठवलेले फोटो चार वेळा पाहिले. पिवळीधमक भिंत, निळी चौकट, चारखांबी पलंग. आता जरा जवळ ये, एक गोष्ट सांगते. आईसमोर विषय काढू नकोस, ती अजून हसते मला.

तीन वर्षांपूर्वी मी तिला अशाच एका नखरेल हॉटेलात नेलं होतं. कुठलं, ते जाऊ दे. खोली दृष्ट लागण्यासारखी. फक्त पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये आरपार काच! आई उंबऱ्यावरच थबकली. म्हणाली, "इथली भिंत बांधायची राहिली का गं?" मग काय, एकीची आंघोळ होईपर्यंत दुसरी जिन्यात बसलेली. गंमत म्हणजे ती काच मी फोटोत पाहिली होती. फोन करून विचारावंसंही वाटलं होतं. पण एवढ्या झोकदार ठिकाणी असलं काही विचारलं तर आपण गावंढळ दिसू, म्हणून गप्प बसले. तू तसं करू नकोस, एवढंच सांगायचंय.

हे बघ, मोठ्या साखळी हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि सातव्या मजल्यावरची खोली सारखीच असते. बुटीकमध्ये खोल्या मोजक्या आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. म्हणून नुसतं हॉटेल ठरवून भागत नाही, खोली ठरवावी लागते. साइटवर सगळ्यात देखण्या खोलीचा फोटो असतो, तीच तुला मिळेल असं नाही. सरळ फोन लाव आणि खोलीचं नाव किंवा नंबर विचारून घे. मग पुढचं विचार: कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? जुन्या घरांत बहुधा लाकडी जिनाच असतो. खिडकी गल्लीकडे उघडते की मागच्या अंगणात? न्हाणीघराला भिंत आहे ना? (हसू नकोस.)

गल्लीकडची खिडकी का विचारायची, तेही सांगते. १८४३मध्ये गोव्याची राजधानी जुन्या गोव्याहून पणजीला आली. आल्तिन्हो टेकडी आणि उरेंची खाडी यांच्यामधली फोन्तेन्हास ही वस्ती त्या जुन्या पणजीतली. गल्ल्या अरुंद, घरं रस्त्याला चिकटून. रंगीत भिंतींपुढे फोटो काढायला सकाळपासून झुंबड उडते. तळमजल्यावर रस्त्याकडची खोली घेतलीस, तर केस विंचरताना तूच कुणाच्या तरी रीलमध्ये जाशील. आणि तूही जपून हो. त्या घरांत माणसं राहतात. त्यांच्या पायऱ्यांवर बसून, दाराला टेकून फोटो नकोत. रहिवासी या प्रकाराला विटलेत, त्यात आपली भर कशाला?

आता पैशाचं. सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७,४००ची खोली ७,७७०ला पडते आणि ७,६००ची ८,९६८ला. भाड्यात फरक दोनशेचा, बिलात जवळजवळ बाराशेचा! तेव्हा दर ऐकलास की लगेच विचार, "कर धरून किती? नाश्ता त्यात आहे का?" नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे चित्रपट महोत्सव असतो, मग नाताळ, मग कार्निव्हल. त्या दिवसांत भाव चढलेले असतात. पावसाळ्यात मात्र उतरतात, आणि भिजलेली पणजी बघण्यासारखी असते. समुद्राची फारच ओढ असेल तर आधीच सांगते, इथून पायऱ्या उतरलं की वाळू, असं नाही. जवळचा किनारा मिरामारचा, तिथे रिक्षाने जा. रेल्वेने गेलीस तर करमळीला उतर, मडगावपेक्षा ते जवळ.

गाडी पहाटे पोचत असेल तर खोली दुपारशिवाय मिळणार नाही हे धरून चाल. पण सामान ठेवून घेतात, तोंड धुवायला जागा देतात. फक्त विचारावं लागतं. मग त्या वेळात सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलपर्यंत चालत जा. तिथल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, नीट बघ. नाश्त्याला टोस्ट समोर आला तर "पोळी मिळेल का?" म्हण. आपली चपाती नव्हे गं, पोदेराकडची, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडची, कोंड्याची, पोटात पोकळ असलेली. गरम असेल तर नुसती खा.

हां, आईचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपेत असताना ती खाली गेली आणि काउंटरवर स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाळा, एक बादली, एक मग आणि एक जुनी चादर दे." पोरगा धावत आला. चादर त्या काचेवर चिमट्यांनी नीट लावून दिली, बादली ठेवली. मी ओशाळून सॉरी म्हणाले, तर हसला. म्हणाला, "मागितलं तर सगळं देतो, मॅडम. लोक मागत नाहीत. घरी गेल्यावर लिहितात."

तेव्हा आज संध्याकाळी फोन लाव. अगदीच जीभ रेटेना, तर आईला कॉन्फरन्सवर घे.