दोन प्रकारची ओझी



गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात आपल्याला एकमेकांची ओझी उचलावयास सांगतो आणि लगेच पाचव्या वचनात ज्याने त्याने आपले ओझे स्वतः वाहावे असे म्हणतो. वरवर पाहता हे विसंगत वाटते. परंतु मूळ ग्रीक भाषेत येथे दोन निराळे शब्द आहेत. पहिला 'बारॉस', म्हणजे माणसाला दाबून टाकणारे जड वजन. दुसरा 'फॉर्तिऑन', म्हणजे ज्याचे त्यानेच वाहावयाचे सामान, प्रवाशाच्या पाठीवरील गाठोड्यासारखे.

आयुष्यभर सोबत राहणाऱ्या आजाराच्या बाबतीत हा भेद फार उपयोगी पडतो. अशा आजाराचा काही भाग रुग्णाने व त्याच्या घरच्यांनीच वाहावयाचा असतो, आणि त्यासाठी ज्ञान हवे. काही भाग मात्र एकट्याला पेलवत नाही. तेथे त्याच वाटेने गेलेला सोबती लागतो. हिमोफिलियाच्या उदाहरणावरून आपण हे समजून घेऊ.

१. आजाराची ओळख

रक्त गोठण्यासाठी जी प्रथिने लागतात त्यांना 'फॅक्टर' म्हणतात. आठव्या फॅक्टरची उणीव म्हणजे हिमोफिलिया 'ए' व नवव्याची उणीव म्हणजे हिमोफिलिया 'बी'. 'ए' प्रकार सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकात आढळतो. 'बी' प्रकाराला 'ख्रिसमस डिसीज' असेही म्हणतात, पण त्याचा नाताळाशी काही संबंध नाही. १९५२ साली हा प्रकार ज्या मुलाच्या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याचे आडनाव ख्रिसमस होते.

लहानशा ओरखड्याने असा रुग्ण दगावतो, हा गैरसमज होय. त्याचे रक्त अधिक वेगाने वाहत नाही, अधिक वेळ वाहते. खरा धोका आतल्या रक्तस्रावाचा असतो. गुडघा, घोटा किंवा कोपर यांत वारंवार रक्त साचले की सांधा झिजतो आणि मूल कायमचे अधू होऊ शकते. डोक्यातील रक्तस्राव तर जिवावर बेततो.

आजाराचा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून कित्येक घरांत सुनेला बोल लावला जातो. येथेही ज्ञान हवे. दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते, आणि प्रत्येक मुलीत तो दोष येण्याची शक्यताही निम्मी असते. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात मात्र हा आजार पूर्वी कोणालाच झालेला नसतो. यात कोणाचा अपराध नाही.

२. स्वतःचा भार: ज्ञान

रक्तस्राव सुरू होताना सांध्यात मुंग्या येतात व ऊब जाणवते. सूज त्यानंतर दिसते. ही पहिली खूण रुग्णालाच कळते, डॉक्टरांना नव्हे. त्याच वेळी फॅक्टर मिळाले तर सांधा वाचतो. म्हणून रुग्णाने व घरच्यांनी पुढील गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

अ) ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.
आ) तज्ज्ञांना विचारल्यावाचून स्नायूत इंजेक्शन घेऊ नये.
इ) डोक्याला मार लागल्यास आधी फॅक्टर द्यावे, तपासण्या मागाहून कराव्यात.
ई) दात स्वच्छ ठेवावेत व नियमित व्यायाम करावा. सशक्त स्नायू सांध्याचे रक्षण करतात.
उ) आजाराचा प्रकार व रक्तगट लिहिलेले ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे.

रक्तस्राव होण्याची वाट न पाहता ठरावीक दिवसांनी फॅक्टर घेण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. 'ए' प्रकारासाठी त्वचेखाली टोचावयाचे एमिसिझुमॅब हे औषधही उपलब्ध आहे. आपणांस काय योग्य, हे रक्तरोगतज्ज्ञांनाच विचारावे.

३. वाटून घेण्याचे ओझे: सोबत

यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथात सेप्फोरिस येथील चार बहिणींची हकिकत आहे. पहिलीचा मुलगा सुंतेनंतर दगावला, दुसरीचा दगावला, तिसरीचाही दगावला. चौथी बहीण आपल्या बाळासाठी धर्मगुरूकडे गेली, आणि त्याने त्या बाळाची सुंता करू नये असा निर्णय दिला. आजाराला तेव्हा नावही नव्हते. तिघींचे दुःख चौथीच्या बाळाला तारणारे ज्ञान ठरले.

आपल्या देशातही असेच घडले. स्वतः हिमोफिलियाने ग्रस्त असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ साली दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशनची स्थापना केली. त्यापूर्वी १९६३ साली फ्रँक श्नाबेल या रुग्णाने जागतिक संघटना उभारली होती. १७ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस १९८९ पासून जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीच्या फेडरेशनच्या शाखा आज मुंबई, पुणे व इतर अनेक शहरांत आहेत.

अशा मंडळींत काय मिळते? दिल्ली, नोएडा, गुरुग्राम व फरिदाबाद ही शहरे एकमेकांस लागून असली तरी दिल्ली हा केंद्रशासित प्रदेश व दोन राज्ये यांत विभागलेली आहेत, आणि सरकारी रुग्णालयांतून मोफत फॅक्टर देण्याची व्यवस्था राज्यागणिक निराळी असते. जवळचे केंद्र कोणते, रात्री कोठे जावे, कोणते कागद लागतात, हे जुना रुग्ण चटकन सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, हेही पुष्कळांना प्रथम अशाच सोबत्याकडून कळते. बाळाची शीर सापडत नाही म्हणून रडणाऱ्या आईला दुसरी आई धीर देते. पंचवीस वर्षांचा कमावता तरुण रुग्ण समोर पाहिला की सात वर्षांच्या मुलाच्या बापाला भविष्य दिसू लागते.

मात्र सोबत्याची मात्रा आपल्याला लागू पडेलच असे नाही. काही रुग्णांच्या शरीरात फॅक्टरला विरोध करणारी द्रव्ये तयार होतात, त्यांचे उपचार अगदी निराळे असतात. म्हणून अनुभव सोबत्याचा घ्यावा, औषध डॉक्टरांचे घ्यावे.

४. आपले कर्तव्य

वाचकहो, आपल्या मंडळीत असे एखादे कुटुंब असेल तर त्याला दोष देऊ नका व त्याचा आजार कुजबुजीचा विषय करू नका. प्रार्थना करताना उपचार थांबविण्याचा सल्ला कधीही देऊ नका. रविवारच्या शाळेतील शिक्षकांना तातडीच्या सूचना लिहून द्या. मध्यरात्री रुग्णालयात पोहोचविण्यास वाहन घेऊन कोण येईल, हे आजच ठरवा. रुग्णाचे गाठोडे त्याच्याच पाठीवर राहील. त्यावर जे वजन पडते ते उचलण्याचे काम आपले आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या परिचयातील दीर्घकालीन रुग्णाच्या ओझ्यातील कोणता भाग त्याचा स्वतःचा आहे व कोणता वाटून घेता येण्याजोगा आहे?
२. मदतीच्या नावाखाली आपण त्याचा स्वतःचा भार हिरावून घेतो काय?
३. त्याच आजाराच्या दुसऱ्या कुटुंबाशी त्याची गाठ घालून देण्यासाठी या आठवड्यात काय करता येईल?