चहा कसा टिकवावा?

नागपुरात इतवारीत सुटा चहा मिळतो. एका पावसाळ्यात आम्ही अर्धा किलो चहा कागदी पुडीत आणला. पुडी फळीवर हिंगाशेजारी ठेवली. आठ दिवसांत चहाला हिंगाचा वास! पैसे वाया गेले. चूक आमचीच.

चहा म्हणजे वाळवलेला पाला. तो ओल शोषतो, वास धरतो. हवा आणि ऊन लागले की त्याचा स्वाद उडतो. म्हणूनच पूर्वी मळ्यांतला चहा लाकडी पेट्यांत येई. पेटीला आतून धातूच्या पातळ पत्र्याचे अस्तर असे.

मग आपण काय करावे? आतून चंदेरी अस्तर असलेले पाकीट घ्यावे. सुटा चहा घरी येताच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. ओला चमचा घालू नये. महिनाभर पुरेल एवढाच आणावा. घामाचा पैसा असाच राखावा लागतो.