वाफशाची वाट बघ

शिमगा झाला की तुझे हात शिवशिवतात, ते मला कळतं. निघोज्यातलं आपलं रान कारखान्यांत गेलं, घरामागे उरली दोन गुंठ्यांची परसबाग. आठवडाभर लाइनवर उभा राहणारा तू सुट्टीच्या दिवशी ती एका दमात खणायला जातोस आणि दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून शिफ्टला. बाळा, कंबर कामाने धरत नाही, कोरड्या मातीने धरते.

फाल्गुनात काळी जमीन दगड होते. तिच्यात टिकाव घातलास की झणका मनगटातून खांद्यात नि तिथून पाठीत. म्हणून आधी पाणी सोड. पण पाणी दिलं की लगेच फावडं धरू नकोस, ओला चिखल फावड्याला चिकटतो नि त्याचंही ओझं उचलावं लागतं. दोन-तीन दिवस थांब. मूठभर माती घेऊन लाडू वळ आणि कंबरेच्या उंचीवरून सोड. वळलाच नाही तर उशीर झाला, पडून फुटला नाही तर अजून ओल आहे. वळला आणि पडताच फुटला, की वाफसा आला. नदीकडची काळी जमीन दमाने वाफशाला येते, माळाकडची मुरमाड दुसऱ्याच दिवशी सुकते, तिथे रेंगाळू नकोस.

एका साली मी ही वाट बघितली नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी कोरड्यातच कुदळ घातली, उसण भरली, आणि गुढी उभारायला दिरांना बोलवावं लागलं.

कांद्याचं मात्र वेगळं. काढणीआधी पाणी तोडावंच लागतं, नाहीतर कांदा टिकत नाही. तिथे पात धरून हिसके देऊ नकोस. कुदळीने बाजूची माती सैल कर, मग हात लाव.

खुरप्यावर आठवड्याला कानस फिरव. बोथट खुरपं मनगट खातं. फावड्याला लांब दांडा बसवून घे, आखूड दांडा माणसाला दिवसभर वाकवतो. बायका उकिडव्या सरकत खुरपतात, त्यांचं बघून तसा बसू नकोस. त्यांचेही गुडघे दुखतात, सांगत नाहीत एवढंच. तू रंगाचा रिकामा डबा पालथा घालून बस, एक वाफा झाला की ऊठ, पाणी पी, हात बदल. घमेलं निम्मंच भर, पोटाशी धर, आणि वळताना कंबर नको, पाऊल फिरव. अकराच्या आत घरात ये.

एक मला कधी कळलं नाही. कंपनीत सेफ्टी शूजशिवाय तुला आत सोडत नाहीत, आणि परसात तू अनवाणी! विटांचा ढीग, पाचोळा हाताने उपसू नकोस, आधी काठीने हलव. उन्हं तापली की विंचू, घोणस तिथेच गारव्याला बसतात. चावलंच तर बांधणं नाही, कापणं नाही, मांत्रिक नाही. चावलेला भाग न हलवता थेट मोठा दवाखाना.

उसण भरली तर चोळत बसू नकोस. दोन दिवस हलकं काम कर. पायात मुंग्या आल्या किंवा पाय बधिर झाला तर डॉक्टर गाठ.

आणि गंजकं खुरपं लागलं तर हळद कोंबायच्या आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धू. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस? दहावीत टोचलं होतं तेच ना? त्याला दहा वर्षं होऊन गेली. या सुट्टीला आधी ते.