खांदेरीची बत्ती
(इयत्ता ४ थी)

मुंबई बंदराच्या तोंडाजवळ, अलिबाग तालुक्यातल्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटे आहेत. मोठे खांदेरी, लहान उंदेरी. खांदेरीवर दीपगृह आहे. आमच्याकडे त्याला बत्ती म्हणतात.

इतिहास : सन १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईला जाणारी-येणारी गलबते या बेटावरून दिसतात. म्हणून मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही चिडले. त्यांनी गलबते आणून वाट अडवली. पण मायनाक भंडारी यांच्या माणसांनी रात्री लहान होड्यांतून सामान नेले आणि काम थांबू दिले नाही. पुढे १८६७ साली इंग्रजांच्या राज्यात त्याच बेटावर दीपगृह झाले. आता बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ साली हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला.

रचना : दीपगृहाचा मनोरा आठ कोनी आहे. दीपगृह उंच का बांधतात? पृथ्वी गोल आहे. दिवा खाली असला तर लांबच्या होडीला दिसणारच नाही.

दिव्याभोवती भिंगे असतात. चहूकडे पसरणारा उजेड ती गोळा करून लांब फेकतात. अशी भिंगे फ्रान्सच्या फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाने तयार केली. ती पहिल्यांदा १८२३ साली फ्रान्समधल्या एका दीपगृहात बसवली. पूर्वी दीपगृहात तेलाचे दिवे असत, नंतर वीज आली.

खूण : शेजारशेजारच्या दीपगृहांची उघडझाप सारखी नसते. म्हणून तांडेल अंधारात एक, दोन, तीन असे आकडे मोजतो आणि सांगतो, "ही अमक्याची बत्ती!" मग खडक कुठे नि किनारा कुठे ते कळते. दिवसा मनोऱ्याच्या आकारावरून आणि रंगावरून ओळखतात.

आता होडीवर वाट दाखवणारे यंत्र असते. मग बत्ती कशाला? मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "यंत्राची बॅटरी संपली तर काय करशील? बत्ती डोळ्यांना दिसते." पावसात वारा सुटला की आई दारात उभी राहते. तेव्हा मला हे पटते.

आपल्या देशात २१ सप्टेंबर हा दीपगृह दिन असतो. दीपगृहांचा कायदा १९२७ साली झाला, त्याची ती आठवण.

सांगा पाहू :
१) दीपगृह उंच का असते?
२) तांडेल बत्ती कशी ओळखतो?
३) खांदेरीचे दीपगृह कोणत्या साली झाले?