श्रेय ही अमानत आहे : प्रसिद्धीनंतर राहून गेलेले नाव

जून २०२० मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातील गुलाबी पाण्याची छायाचित्रे पाहता पाहता देशभर पसरली. वाचकांनी जरा आठवून पाहावे : ते छायाचित्र आपल्या मोबाइलवर आले तेव्हा त्याखाली ते टिपणाऱ्याचे नाव होते काय? आणि नसेल, तर ते पुढे पाठविताना आपण एकदा तरी विचारले काय की हे कोणाचे आहे? पुढे वन विभागाने पाण्याचे नमुने गोळा केले. नागपूरची नीरी आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे ते तपासणीसाठी गेले आणि हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे समोर आले. ‘रहस्य उलगडले’ या दोन शब्दांच्या बातमीमागे किती हात होते, हे यावरून ध्यानात यावे.

समाजमाध्यमांवरील प्रत्येक लेख, चित्र व ध्वनिचित्रफीत यांची हीच कथा आहे. एकजण लिहितो, दुसरा भाषांतर तपासतो, तिसरा छायाचित्र देतो, चौथा मांडणी करतो, पाचवा खर्च उचलतो. आणि प्रसिद्धी मात्र एकाच नावाने होते. पुष्कळदा हे वाईट हेतूने होत नाही, घाईत होते. परंतु पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर चूक ध्यानात येते, तेव्हा मन म्हणते, ‘जाऊ द्या, आता सर्वांनी वाचले आहे.’ या ‘जाऊ द्या’विषयी इस्लामची शिकवण काय आहे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

न केलेल्या कामाची प्रशंसा

दिव्य कुरआनात सूरह आलिइमरानच्या १८८ व्या आयतीत अशा लोकांना कठोर इशारा दिलेला आहे, जे आपल्या कृत्यांवर खूश असतात आणि जे केलेच नाही त्याबद्दलही आपली प्रशंसा व्हावी अशी इच्छा बाळगतात. माननीय अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनानुसार ही आयत त्या दांभिकांसंबंधी आहे, जे मोहिमेच्या वेळी मागे राहत आणि आदरणीय प्रेषित (स.) परतल्यावर सबबी सांगून वर प्रशंसेचीही अपेक्षा करीत. हे कथन बुखारीमध्ये आले आहे. प्रसंग त्या काळचा आहे, परंतु रोग प्रत्येक काळाचा आहे. सहकाऱ्याने लिहिलेल्या मजकुरावर ‘माशाअल्लाह, किती सुंदर लिहिले!’ असे अभिप्राय येत राहावेत आणि आपण ते मुकाट्याने स्वीकारीत राहावे, ही याच रोगाची सुरुवात होय.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत माननीय अस्मा (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. जे आपल्याला मिळालेले नाही ते मिळाल्याचा देखावा करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) असत्याची दोन वस्त्रे परिधान करणाऱ्याची उपमा दिली आहे. अंगभर वस्त्र आहे, पण ते सगळेच खोटे आहे, हा त्यातील आशय आहे.

आणखी एक बाजू आहे. प्रेषित शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना माप व वजन पूर्ण द्या असे सांगताना, लोकांना त्यांच्या वस्तू घटवून देऊ नका, असेही बजावले (सूरह आराफ, आयत ८५). या आदेशाचे शब्द व्यापक आहेत. कोणाचे धान्य कमी मोजणे हा जसा अन्याय आहे, तसाच कोणाचे श्रम कमी मोजणे हाही अन्याय आहे. १९८८ मध्ये कुवैत येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात लेखन व संशोधनाचे अधिकार शरीअतनुसार संरक्षित असून त्यांचे उल्लंघन करता येत नाही, असा निर्णय झाला. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ देखील लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि त्याने प्रकाशनाचे हक्क दुसऱ्याला दिले तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो.

ज्या समुदायाने नावांची साखळी जपली

हदीसशास्त्राचा सारा डोलारा इस्नादवर, म्हणजे कथन कोणाकडून कोणाला पोहोचले या नावांच्या साखळीवर उभा आहे. इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत अब्दुल्लाह बिन मुबारक (रह.) यांचे मत नोंदविले आहे की इस्नाद हा धर्माचाच भाग होय.

या शास्त्रात ‘तदलीस’ नावाचा एक दोष सांगितला आहे. कथन करणाऱ्याने मधल्या माणसाचे नाव गाळावे आणि शब्द असे संदिग्ध वापरावेत की ऐकणाऱ्याला वाटावे, याने मूळ गुरूकडूनच थेट ऐकले. यात उघड खोटे असेलच असे नाही, तरीही जाणकारांनी त्याची निंदा केली. लोणारचेच पाहा. अनेक ठिकाणी आपण वाचतो की १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराचा शोध लावला. वस्तुतः अबुल फजल यांच्या सोळाव्या शतकातील ‘आईने अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे, आणि तेथील दैत्यसूदन मंदिर तर त्याहूनही कितीतरी जुने आहे. आधीची माणसे गाळली की नंतर आलेला आपोआप पहिला ठरतो. पुढे ढकललेल्या प्रत्येक निनावी संदेशात असेच घडत असते.

म्हणूनच इमाम कुर्तुबी (रह.) यांनी आपल्या तफसीरच्या प्रस्तावनेत, कथन त्याच्या मूळ कर्त्याच्या नावे सांगण्यात ज्ञानाची बरकत आहे, असे मानले. आपल्या ग्रंथांतून नाव न घेता मजकूर उचलला गेल्यावर इमाम सुयूती (रह.) यांनी तर लेखक आणि चोर यांतील फरक या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

हुनैननंतरचा प्रसंग

घटना घडून गेल्यावर श्रेय कसे द्यावे, याचा सर्वोत्तम आदर्श सीरतमध्ये आहे. हिजरी ८ मध्ये हुनैनच्या युद्धानंतर जिअराना येथे युद्धप्राप्त संपत्तीचे वाटप झाले. नव्याने इस्लाम स्वीकारलेल्या मक्कावासी सरदारांना मोठे वाटे मिळाले, अन्सारना मात्र काही मिळाले नाही. त्यांच्यात कुजबूज सुरू झाली. माननीय साद बिन उबादा (रजि.) यांनी ती प्रेषितांच्या (स.) कानावर घातली.

प्रेषितांनी (स.) ती दुर्लक्षिली नाही, की तक्रार करणाऱ्यांना दटावलेही नाही. त्यांनी सर्व अन्सारना एकत्र बोलाविले. प्रथम अल्लाहने त्यांच्यावर केलेल्या उपकारांची आठवण दिली. मग स्वतःच सांगितले की तुम्हीही उत्तर देऊ शकता आणि ते उत्तर खरेच असेल : लोकांनी मला खोटे ठरविले तेव्हा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला, मी निराधार होतो तेव्हा साहाय्य केले, घालवून दिलेला होतो तेव्हा आश्रय दिला. जे अन्सार संकोचाने बोलू शकत नव्हते, ते प्रेषितांनी (स.) त्यांच्या वतीने सर्वांसमोर बोलून दाखविले. दाढ्या भिजेपर्यंत ते रडले आणि समाधानाने परतले.

येथे लक्षात घ्यावे की संपत्तीचे वाटप बदलले नाही. बदलले ते एवढेच की त्यांच्या कार्याचा उच्चार झाला. माणसाचे दुःख पुष्कळदा मोबदला न मिळाल्याचे नसते, आपले काम कोणाला दिसलेच नाही याचे असते.

‘काम अल्लाहसाठी आहे, मग नाव कशाला?’

आपल्याकडे हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो धार्मिक वाटतो म्हणून अधिक तपासावा लागतो. निःसंशय, दिखावा हा सत्कर्मांचा नाश करणारा आहे. माननीय अली बिन हुसैन जैनुल आबिदीन (रह.) रात्रीच्या अंधारात मदीनेतील गरिबांच्या दारी अन्न पोहोचवीत, आणि ते कोण पोहोचवीत होते हे लोकांना त्यांच्या मृत्यूनंतरच कळले. परंतु त्यांनी लपविले ते स्वतःचे दान होते, दुसऱ्याचे नव्हे.

हाच भेद महत्त्वाचा आहे. स्वतःच्या नावाचा त्याग करणे ही निष्ठेची खूण आहे. दुसऱ्याच्या नावाचा त्याग आपण परस्पर करून टाकणे ही निष्ठा नव्हे, ते त्याच्या हक्काचे हनन आहे. आणि जो निष्ठेची गोष्ट सांगून सहकाऱ्याचे नाव गाळतो, त्याने स्वतःचे नाव वर कशासाठी ठेवले, याचेही उत्तर त्याने शोधावे. प्रेषितांनी (स.) तर सांगितले आहे की जो लोकांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही, आणि ज्याने उपकाराची वाखाणणी केली त्याने कृतज्ञता दाखविली, ज्याने तो लपविला तो कृतघ्न ठरला. या शिकवणी अबू दाऊद व तिर्मिजी या संग्रहांत आल्या आहेत.

प्रसिद्धीनंतरची दुरुस्ती

सूरह बकराच्या १६० व्या आयतीत सत्य लपविणाऱ्यांसाठी परतीची वाट सांगितली आहे. तिचे तीन टप्पे आहेत : पश्चात्ताप करणे, सुधारणा करणे आणि जे लपविले ते उघड करणे. आयतीचा संदर्भ ईश्वरी शिकवण लपविण्याचा, म्हणजे फार मोठ्या अपराधाचा आहे. तरीही तिच्यातून एक तत्त्व मिळते. जी चूक लपविण्याने झाली, तिची भरपाई उघड सांगण्यानेच होते.

हे तत्त्व आजच्या साधनांना असे लागू करता येईल. फेसबुक व इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध झालेल्या पोस्टचा मजकूर नंतर संपादित करता येतो, सहकाऱ्याला टॅग करता येते. यूट्यूबवर चित्रफितीखालील माहिती बदलता येते. तेव्हा प्रथम तेथे नाव घालावे. परंतु ज्यांनी आधीच वाचले ते पुन्हा येऊन पाहतीलच असे नाही. म्हणून नवी पोस्ट लिहून स्पष्ट सांगावे की अमुक मजकूर अमक्यांचा होता, नाव राहून गेले, चूक आमची आहे. व्हॉट्सअॅपवर तर पाठविलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो आणि पुढे गेलेल्या प्रती बदलत नाहीत. तेथे त्याच गटात नवा संदेश पाठविणे हाच मार्ग आहे. चूक जेथवर पोहोचली, दुरुस्ती तेथवर पोहोचविण्याचा प्रयत्न झाला पाहिजे.

त्याआधी सहकाऱ्याला विचारावे. कोणाला नाव नको असेल, तर ‘एका भगिनीने भाषांतर केले’ एवढा उल्लेखही सत्याला पुरेसा आहे. ज्याने जे केले तेच लिहावे. ज्याने काहीच केले नाही अशा एखाद्या नामवंताचे नाव पोस्ट दूरवर पोहोचावी म्हणून जोडणे, हे तेच असत्याचे वस्त्र दुसऱ्याला घालणे होय. सहकारी हयात नसेल तर त्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी दुआ करावी. माननीय खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही प्रेषित (स.) त्यांच्या विश्वासाची व त्यांनी आपल्या संपत्तीने केलेल्या साहाय्याची आठवण काढीत असत. श्रेय द्यायला उशीर झाला, असे कधीच नसते.

शेवटी, सहकाऱ्याची क्षमा मागण्यास संकोचू नये. बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की ज्याच्याकडून आपल्या भावाच्या प्रतिष्ठेसंबंधी वा अन्य कोणताही अन्याय झाला असेल, त्याने तो आजच मिटवून घ्यावा, जेव्हा दीनार-दिरहम कामी येणार नाहीत तो दिवस उजाडण्यापूर्वी. त्या दिवशी हिशेब सत्कर्मांनी चुकवावा लागेल. ज्या पोस्टमधून आपण पुण्याची आशा धरली, तिचेच पुण्य सहकाऱ्याच्या पदरी जावे, यापेक्षा आज दोन ओळी लिहिणे किती सोपे आहे!

वाचकांनी आज आपापली मागील काही प्रसिद्ध केलेली कामे पुन्हा उघडून पाहावीत आणि कोणाचे नाव राहून गेले आहे काय, ते तपासावे. अल्लाह आपणा सर्वांना प्रत्येक हक्कदाराचा हक्क देण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य प्रदान करो. आमीन.